चाळीस दिवसांपूर्वीचं पाणी

आधी १९५६ मध्ये उतरा. श्रावण चालू आहे. मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या अंगाला एक ठाकरवाडी. ओटीवर विशी-पंचविशीतला गडी भिंतीला टेकून बसलाय, डोळे पिवळेजर्द, भाकरी समोर आली की तोंड फिरवतो. गळ्यात काविळीची माळ. मुळ्यांचे ओले तुकडे वाळले की आक्रसतात, दोऱ्याचे वेढे सैल होतात आणि माळ लांबत जाते. लांबली म्हणजे कावीळ उतरली. भगत त्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतो आणि पाणी पिवळं होतं. वाडी अवाक. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हाच प्रयोग करून दाखवणार आहेत. पण आत्ता गप्प बसा. त्याच्या बदल्यात द्यायला तुमच्याकडे तरी काय आहे?

गड्याला बैलगाडीत घालून तालुक्याला न्या. दवाखान्यात लघवी काचेच्या भांड्यात घेऊन निवू देतात आणि वर चिमूटभर गंधकाची पूड भुरभुरवतात. निरोगी माणसाच्या लघवीवर ती तरंगत राहते. इथं बघा, सरळ तळाशी चालली. पित्तातले क्षार लघवीत उतरले की पृष्ठताण कमी होतो, त्याची ही करामत. चाचणी देखणी आहे, खर्च जवळजवळ शून्य. पण ती सांगते काय, तर कावीळ आहे. ते त्याच्या आईला अंगणातूनच दिसलं होतं.

गेल्याच हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९,३०० माणसं पिवळी पडली आहेत. कावीळ कुठली ते सांगणारं तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांकडेही यापेक्षा फारसं जास्त नाही. पाण्यातून आली, म्हणजे आज जिला हिपॅटायटिस ‘ए’ म्हणतात तीच, असं सगळे धरून चालले आहेत.

१९८० कडे झरकन जाऊ. दिल्लीच्या त्या साथीतलं रक्तजल जपून ठेवलेलं आहे. अहमदाबादच्या १९७५-७६ च्या आणि पुण्याच्या १९७८-७९ च्या साथींतलंही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या रॉबर्ट पर्सेल यांच्या गटाबरोबर ते नव्या चाचण्यांनी तपासतात. साथ ना ‘ए’ची निघते, ना ‘बी’ची. काश्मीरमधून मोहम्मद सुलतान खुरू त्याच वर्षी तेच सांगतात. ज्या रोगाला पुढे ‘ई’ म्हणतील, त्याचा पत्ता असा चोवीस वर्षं जुन्या रक्तातून लागला. टोकावड्याच्या गड्याचं रक्त कुणीच ठेवलं नव्हतं. तो बरा झाला असेल. शंभरात नव्व्याण्णव होतात. श्रेय माळेला गेलं असणार.

आता अलीकडच्या एका वर्षीचा जुलै. शहापूर तालुका, कसाऱ्याच्या बाजूचा पाडा. तुम्ही लॅब टेक्निशियन बाईंबरोबर शाळेच्या व्हरांड्यात आहात. लाल झाकणाच्या प्लेन बल्बमध्ये रक्त घेतलं की बाई अर्धा तास कुणाला हात लावू देत नाहीत. रक्त गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं रक्तजल वेगळं काढायचं, मगच ते बर्फाच्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये. तसंच जीपमध्ये टाकलं तर खड्ड्यांत पेशी फुटतात आणि नमुना वाया. इथले रस्ते पाहता ही सूचना पहिल्या ओळीत लिहायला हवी.

पुढे एलायझाची प्लेट, शहाण्णव खळगे. आयजीएम प्रतिद्रव्य असेल तर खळग्यात निळा रंग चढतो, वर आम्लाचा थेंब पडला की पिवळा होतो. भगताच्या निवळीसारखाच पिवळा, फक्त इथं हाताला आधी काही चोळलेलं नसतं. निकाल ‘ई’. बाईंचा अंदाज तोच होता: इथल्या मोठ्या माणसांना ‘ए’ बहुधा लहानपणीच, नकळत होऊन गेलेला असतो.

पण ग्रामपंचायतीच्या हातात दुसरा कागद आहे. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीची बाटली काळी पडलेली नाही, पाणी पिण्यायोग्य. सरपंच तो कागद सगळ्यांना दाखवतात. खरं तर पहिला रुग्ण दिसल्यावरच विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर पडली. नमुना घेतला त्यानंतर.

बाटली आजचं पाणी सांगते. ‘ई’ पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला सरासरी चाळीस दिवस लागतात. म्हणून तुम्हाला आणखी एक प्रवास करायचाय, सगळ्यांत छोटा. जुलैच्या पहिल्या आठवड्यातून चाळीस दिवस मागे: मेची अखेर. विहीर कोरडी ठक्क. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं उशाला आणि पाड्यावर टँकर; तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. टँकरवाला पाइप विहिरीत सोडतो, बायका दोर टाकतात, तळाचा गाळ ढवळून निघतो, काठावरची पोरं कुठल्या पायांनी आलीत ते कोण विचारतो? टँकर कुठं भरला, कुणी क्लोरिन बघितलं? एलायझा हे सांगत नाही. ती फक्त कुठल्या महिन्याची वही उघडायची ते सांगते. आणि टँकरची वहीच काय ती महत्त्वाची, हे माझं मत.

पुन्हा जुलै. पाड्यात तीन बायका गरोदर आहेत. शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाला तर शंभरातल्या वीसेक दगावतात, म्हणून आशाताईंनी त्यांची नावं रिपोर्टची वाट न पाहता वर कळवली, घरी पाणी उकळून प्यायला लावलं. बाईही आता सगळ्या पाड्याचं रक्त काढत नाहीत. ताजे आठ-दहा नमुने पुरतात.

“मॅडम, पावडर टाकून आठवडा झाला, तरी माणसं पडतातच आहेत,” सरपंच म्हणतात. “म्हणजे पावडरचा उपयोग नाही.”

“अजून पडतील,” बाई कॅरियरचा पट्टा आवळत म्हणतात. “नारळी पौर्णिमेपर्यंत नवीन दिसले तर घाबरू नका, ते जुन्या पाण्याचे. त्याच्या पुढं दिसले तर मला फोन करा. आणि पावडर तोवर रोज.”