घोडनदीचा मासा, पुण्याची खुद्री आणि गळाचा खेळ

शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कंपनी सरकारची छावणी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी लढलेली तुकडी याच छावणीतून निघाली होती. त्या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले. छावणीशेजारच्या नदीतील माशांवर फारसे नाही.

१८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्‍री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यास नेमले. शेती, लोकसंख्या, हवामान यांबरोबर त्याने पशुपक्षी आणि मासेही टिपले. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याने मांडलेल्या यादीत एका माशाचा ठावठिकाणा आहे शिरूरची घोड नदी, तर दुसऱ्याचा पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठा. दोन्ही नद्यांचे पाणी पुढे भीमेतून दौंडकडे वाहते.

साइक्सचे वेगळेपण नावांत आहे. खुद्री, कोलुस, शिंगटी, इचका ही स्थानिक नावे त्याने लॅटिन नामावलीत तशीच बसवली. ‘रोहटी’चे तर त्याने प्रजातिनाम केले. नावे टिकली. ती सांगणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव मात्र शास्त्रात उरले नाही. शिरूरच्या ‘मुसुल्ला’ला अभ्यासक दीर्घकाळ महाशीर समजत राहिले, अलीकडच्या संशोधनाने तो वेगळ्या प्रजातीत नेला आहे. पुण्याची ‘खुद्री’ मात्र खराखुरा महाशीर. अनेक ठिकाणी तिलाच खडस किंवा खडशी म्हणतात.

पुढे साहेबलोकांत महाशिराचे वेड पसरले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्‍री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये गळाच्या शिकारीवर ग्रंथच लिहिला आणि झुंजीत महाशीर विलायतेच्या सामन माशाहून सरस ठरवला. अशा शिकारीच्या दिवसाची आखणी फुरसतीची नव्हे. पावसाळ्यात हा मासा अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. पूर ओसरून पाणी निवळले की खाली डोहांत येतो. दिवस त्या हिशेबानेच धरायचा. दोर भक्कम हवा, गळ पोलादी हवा, कारण त्याच्या जबड्यात नरम गळ चेपून जातो. शिवाय डोह ठाऊक असलेला भोई हवा. छंद साहेबाचा, माहिती भोयाची.

विसाव्या शतकात धरणांनी माशांची वर जाण्याची वाट अडवली; शहरी सांडपाण्याने उरलेले बिघडवले. मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्रीच्या प्रजननाचा पायाभूत अभ्यास केला आणि लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात तिची पिल्ले तयार होऊ लागली. मासा वाचवण्याचा हा प्रयत्न मोलाचाच होता. पण तेथील पिल्ले गळाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या कावेरीतही सोडली गेली.

कावेरीचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर वशिंड असलेला, वजनाने प्रचंड, जगभरच्या शिकाऱ्यांना खेचून आणणारा. बाहेरून आलेली खुद्री तेथे वाढत गेली आणि वशिंडवाला झपाट्याने घटला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याची नोंद ‘अत्यंत संकटग्रस्त’ म्हणून केली. वाळूउपसा, सुरुंगाने केलेली मासेमारी, धरणे हीही कारणे आहेतच. तरी अभ्यासकांनी बाहेरून सोडलेल्या महाशिराकडे स्पष्ट बोट दाखवले आहे.

इकडे भीमेवर उजनीच्या फुगवट्यात गळाला लागते ती बहुधा चिलापी, मूळची आफ्रिकेची.