सातबारा नाही त्याला अनुदान नाही

सरकार शेतकऱ्याला पैसे देतं. पण शेतकरी कोण? कागदावर उत्तर साधं आहे : ज्याच्या नावावर जमीन, तो. पीएम किसानचे वर्षाला 6000 रुपये 2019 पासून त्यालाच मिळू लागले. 2023 साली राज्याने नमो योजनेचे आणखी 6000 जोडले, तेही त्याच यादीवर. त्याच वर्षी कांदा मातीमोल झाला तेव्हा क्विंटलला 350 रुपये अनुदान आलं, 200 क्विंटलपर्यंत. म्हणजे 70,000 झाले. बाजारातली विक्रीपट्टी पाहिजे, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे. कांदा लावणारी, खुरपणारी, काटणारी बाई ना पट्टीवर, ना उताऱ्यावर. मजुरी घे नि घरी जा.

आता आमचं नाव उताऱ्यावर का नाही, हा खरा इतिहास. शाळेच्या पुस्तकात मला तो घावला नाही. रात्रपाळी करून दिवसा जुने कायदे वाचत बसलो तेव्हा थोडा उलगडला.

आमच्याकडं जमीन नव्हतीच असं नाही. महार वतन होतं. माझा पणजा येसकर होता, आजा सांगायचा. पाटलाचा सांगावा पोचवायचा, सरकारी टपाल न्यायचं, मयताची खबर घेऊन पुढच्या गावी पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात वतनाचा तुकडा नि भाकर. इंग्रजांनी 1874 च्या वतन कायद्यात ही चाकरी पक्की बांधून टाकली. पोटापुरता पगार नको द्यायला म्हणून जमीन. तीही साऱ्या महारवाड्याची मिळून, वरून जुडी भरायची. पिढीमागं पिढी वाटणी होत गेली, मग एकेकाच्या वाट्याला काय? बांध मोजा नि गप बसा! लोक याला इनाम म्हणायचे. मी म्हणतो, फुकटात राबवून घ्यायची ती सोय होती.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं. ते पास झालं नाही. वतन गेलं ते 1958 च्या कायद्यानं. चाकरी सुटली हे मोठंच झालं. पण जमीन परत नावावर करायला कब्जेहक्काची रक्कम भरायची होती. ज्याच्या घरात दाणा नाही तो कुठून भरणार? ज्यांनी भरली त्यांची जमीन नव्या शर्तीची.

नाशिकचा माणूस दादासाहेब गायकवाडांना काळाराम मंदिराच्या 1930 च्या सत्याग्रहासाठी ओळखतो. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे ते. पण मला 1959 चे नि 1964 चे दादासाहेब जास्त जवळचे. देवळाच्या दारातून ते पडीक जमिनीकडं आले. भूमिहीनाला कसायला जमीन द्या, एवढीच मागणी. त्यासाठी हजारोंनी बायामाणसं तुरुंगात गेली, पोरं काखेला मारून गेली.

2004 साली सरकारने त्यांच्याच नावानं योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन दलिताला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. आधी निम्मं कर्ज होतं, 2018 पासून पूर्ण अनुदान. कागद चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण जमीन सरकारने खासगी मालकाकडून विकत घ्यायची आहे. द्राक्षाच्या नि कांद्याच्या या पट्ट्यात सरकारी दराने विकायला कोण बसलंय? आमच्या गावात एक विधवा आत्याबाई अर्ज करून बसलीय. तिला सांगितलं, विकणारा तूच शोधून आण. ती दोन वाड्यांवर जाऊन आली. एकानं पाणी विचारलं, जमिनीचं नाव काढल्यावर उठून आत गेला. दुसऱ्यानं कांद्याच्या काढणीला ये म्हणून सांगितलं.