मॅकिंटॉश, आयबीएम-सुसंगत संगणक आणि मराठी अक्षरजुळणी : किंमत व मूल्य यांचा ऐतिहासिक विचार (नाशिकच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश आणि आयबीएमच्या धर्तीवर बनलेले संगणक या वैयक्तिक संगणकाच्या दोन प्रमुख प्रणाली होत. यांपैकी स्वस्त कोणती आणि सरस कोणती, हा वाद १९८४ पासून चालत आलेला आहे. यावरील बहुतेक विवेचन अमेरिकेतील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून झाले आहे. यंत्राची किंमत, त्याचा वेग, त्याचे आयुष्य आणि जुने झाल्यावर विकताना मिळणारी रक्कम या कसोट्यांवर तेथे तुलना होते. तो ग्राहक इंग्रजीत लिहितो. त्यामुळे अक्षर पडद्यावर कसे उमटते व यंत्रात कोणत्या रूपात साठवले जाते, हा प्रश्न त्याच्या हिशेबात येतच नाही. मराठी मजकूर छापणाऱ्याला मात्र कालांतराने हाच खर्च सर्वांत जड गेला. मराठीच्या बाबतीत खरी प्रणाली यंत्र ही नव्हती, तर यंत्र व लिपी यांच्यामध्ये बसवलेला अक्षरसंच ही होती; म्हणून किंमत आणि मूल्य यांचा हिशेब तेथूनच मांडावा लागतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

या विचारासाठी नाशिक शहर सोयीचे आहे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, ‘गावकरी’ व ‘देशदूत’ यांसारखी दैनिके आणि १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांमुळे मराठी छपाईची मोठी गरज येथे सातत्याने राहिली. मुक्त विद्यापीठाच्या बाबतीत तर छापील पुस्तक हाच वर्ग होता. शिवाय मुंबई-पुण्याच्या जवळ असूनही तेथील मोठ्या छापखान्यांइतके व जाहिरात संस्थांइतके भांडवल येथील सामान्य मुद्रकापाशी नव्हते. (नाशिकरोडच्या सरकारी प्रतिभूती मुद्रणालयाचे जग निराळे आहे. त्याचा येथे विचार केलेला नाही.)

यंत्राची किंमत

मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आला तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत २,४९५ डॉलर होती. पुढील वर्षी आलेल्या लेसररायटर या मुद्रकयंत्राची किंमत ६,९९५ डॉलर होती. त्याच वर्षी आल्डस कंपनीची पेजमेकर ही आज्ञावली आली आणि या तिन्हींच्या संयोगातून डीटीपी हा व्यवसाय जन्मास आला. डॉलरचा भाव त्या सुमारास बारा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे संगणक व मुद्रकयंत्र मिळून, जकात व वाहतूक वगळता, सुमारे एक लाख चौदा हजार रुपये होतात. १ जानेवारी १९८६ पासून लागू झालेल्या वेतनश्रेणीत महाविद्यालयीन अधिव्याख्यात्याचे प्रारंभीचे मूळ वेतन दरमहा २,२०० रुपये होते. त्या मापाने ही सामग्री सव्वाचार वर्षांहून अधिक काळाच्या मूळ वेतनाएवढी भरते. जकात धरली म्हणजे हे अंतर आणखी वाढते.

दुसऱ्या बाजूस आयबीएमने १९८१ साली आणलेल्या संगणकाची रचना इतर कंपन्यांना अनुकरण करता येण्यासारखी होती. आयबीएम कंपनी १९७८ साली भारत सोडून गेलेली असली तरी तिच्या धर्तीचे संगणक भारतात जुळवण्यास त्यामुळे अडचण आली नाही. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ केली आणि देशी कंपन्यांत किमतीची स्पर्धा लागली. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून गावातच यंत्र जुळवून देणारे तयार झाले. मॅकिंटॉशच्या बाबतीत असे कधी घडू शकले नाही. तो तयार यंत्र म्हणूनच यायचा, आणि बिघडला तर दुरुस्तीसाठीही मोठ्या शहराकडे पाहावे लागायचे. केवळ खरेदीचा विचार केला तर मध्यम शहरातील मुद्रकासाठी निर्णय येथेच संपत होता.

मूल्याच्या बाजूने पाहता मात्र चित्र उलट होते. मॅकिंटॉश पहिल्यापासून चित्ररूपाने काम करीत असल्याने त्याला रोमन व देवनागरी यांत फरक करण्याचे कारण नव्हते. डॉसवर चालणारा आयबीएम-सुसंगत संगणक ठरावीक चौकटींत ठरावीक अक्षरे दाखवीत असे. त्या चौकटीत ‘र्त्स्य’ सारखे जोडाक्षर बसवणे म्हणजे शेकडो खणांच्या केसमधील खिळे एका काडेपेटीत भरण्यासारखे होते.

पुण्याचा मार्ग आणि बाजाराचा मार्ग

ही अडचण सोडवण्याचा सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न महाराष्ट्रातूनच पुढे आला. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले जिस्ट हे तंत्रज्ञान १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेकडे आले. जिस्ट कार्ड साध्या संगणकात बसवले की डॉसवरील नेहमीच्याच आज्ञावलींत देवनागरी व अन्य भारतीय लिपी वापरता येत. यातील महत्त्वाचा भाग कार्डाचा नसून साठवणुकीचा होता. मजकूर इस्की या संकेतप्रणालीत साठवला जाई. तिला १९९१ साली भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्यता मिळाली. इस्कीमध्ये अक्षराचे रूप नव्हे, तर वर्ण साठवला जातो. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. तो कागदावर कसा दिसावा हे नंतर ठरते. त्यामुळे मजकूर अकारविल्हे लावता येतो, शोधता येतो, एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. याद्या आणि नोंदी ठेवणाऱ्यांना हे उपयोगी होते. परंतु मुद्रकाला हवे होते सुबक पान, आणि ते डॉसच्या पडद्यावर दिसत नव्हते.

बाजाराने निवडला तो मार्ग तिसराच होता. पेजमेकर १९८७ पासून आयबीएम-सुसंगत संगणकांवरही उपलब्ध झाला. एप्रिल १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ सोबत ट्रूटाइप हे अक्षरतंत्र आले. हे तंत्र मूळ ॲपलनेच विकसित केलेले होते आणि १९९१ मध्ये आपल्या सिस्टिम ७ सोबत त्यांनी ते वापरात आणले होते. ॲपलने ते मायक्रोसॉफ्टलाही दिले आणि महाग यंत्राचे एक मोठे वैशिष्ट्य स्वस्त यंत्रात येऊन बसले. आता कोणत्याही साध्या संगणकावर मराठी अक्षर रेखीवपणे उमटू लागले. श्रीलिपी, आकृती, तसेच सी-डॅकची आयएसएम अशा आज्ञावली या टप्प्यावर स्थिरावल्या. विकत घेतलेल्या प्रतीसोबत संगणकाच्या मागे लावावयाचे एक छोटे कुलूप मिळे. ते काढले की आज्ञावली बंद. गल्लोगल्ली ‘डीटीपी’ची पाटी लागली. लग्नपत्रिका, स्मरणिका, गौरवग्रंथ, प्रश्नपत्रिका, दिवाळी अंक हे सारे याच मार्गाने छापले गेले. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची जागा ऑपरेटरने घेतली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी छपाई स्वस्त झाली, तिचा प्रसार झाला, तो मुख्यतः या संगणकांमुळे. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या अक्षरसंचांनी वर्ण साठवला नाही. अक्षराचा तुकडा साठवला. २५६ स्थानांच्या रोमन तक्त्यात इंग्रजी अक्षरे काढून त्या जागी काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे बसवलेली होती. कोणत्या स्थानी कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले. सी-डॅकने अक्षररूपांसाठीही संकेत तयार केला होता, पण सर्व विक्रेते त्याला बांधले गेले नाहीत. परिणामी एका अक्षरसंचात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला असता निरर्थक चिन्हांची रांग दिसे. लेखकाने एका केंद्रात काम सुरू केले की पुस्तक संपेपर्यंत, बहुधा दुसरी आवृत्ती निघेपर्यंतही, त्याच अक्षरसंचाशी तो बांधला जाई. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली टंकलेखन यंत्राच्या कळफलकाच्या उदाहरणावरून दाखवले होते की, आरंभी केलेली निवड पुढे गैरसोयीची ठरली तरी बदलाच्या खर्चामुळे टिकून राहते. मराठी अक्षरसंच हे त्याचे अधिक कठोर उदाहरण मानता येईल, कारण येथे केवळ बोटांची सवय नव्हे, तर लिहिलेला मजकूरच अडकला.

रूपांतराचा खर्च

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ मध्येच, देवनागरीला स्थान मिळाले होते आणि तिची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. म्हणजे पुण्याचा मार्ग बाजारात मागे पडला, परंतु त्यामागील विचार जगभरच्या संगणकांत शिरला. २००० साली विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली व सोबत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ हा टंक आला. मॅकिंटॉशच्या नव्या प्रणालीत २००२ पासून देवनागरी मिळू लागली. विनामूल्य असलेल्या लिनक्सवरही भारतीय भाषांचे काम याच काळात उभे राहिले. मराठीच्या बारकाव्यांना मात्र वाट पाहावी लागली. ‘मंगल’मधील ल आणि श हिंदी वळणाचे होते. मराठीसाठी आवश्यक असा स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचे प्रमाणीकरण करणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला.

जकातीचा अडसरही याच सुमारास दूर झाला. १९९७ साली भारताने स्वीकारलेल्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार २००५ पर्यंत संगणकांवरील मूळ सीमाशुल्क शून्यावर आले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने विंडोजवरील संगणक तालुक्याच्या गावी नेला. आता तिन्ही प्रणालींवर मराठी सारखीच लिहिता येत होती, म्हणून त्यांची तुलना खऱ्या अर्थाने किमतीची तुलना होऊ शकली. १९९० च्या दशकात ती तशी नव्हती, हे विसरून त्या काळातील निवडींना अडाणी ठरवणे अनैतिहासिक होईल. हाती असलेल्या भांडवलात मुद्रकाने केलेली निवड योग्यच होती. तिचा उरलेला हप्ता कोण भरणार, हे त्याच्या कोटेशनमध्ये लिहिलेले नव्हते इतकेच.

हा हप्ता कसा पडतो, हे ‘धार्मिक’ या एका शब्दावरून कळते. युनिकोडमध्ये ध, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क असा उच्चाराचा क्रम असतो. जुन्या अक्षरसंचांत साधारणपणे डोळ्यांना दिसतो तो क्रम असे. वेलांटी ‘म’च्या आधी आणि रफार ‘म’च्या नंतर, काही संचांत तर वेलांटी व रफार मिळून एकच तुकडा. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला हे सर्व ओळखून उलटवावे लागते. जोडाक्षरावर रफार आला, किंवा ‘सुऱ्या’सारखा शब्द आला, की चुका राहतात आणि माणसाने वाचून त्या काढाव्या लागतात. मुद्रितशोधनाचा हा दुसरा खर्च मूळ जुळणीच्या खर्चाच्या बरोबरीला येऊ शकतो.

पृष्ठरचनेच्या साधनांनीही घाई केली नाही. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली, ती शेवटची ठरली, आणि तिला युनिकोड कधीच कळले नाही. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची अंगभूत सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. मधली बारा वर्षे संगणकाला युनिकोड मराठी येत होती, पण छापखान्याला नव्हती. अनेक छपाई केंद्रांत जुने अक्षरसंच अजूनही वापरात आहेत, त्याचे मूळ या बारा वर्षांत शोधावे लागेल.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला याची झळ थेट बसते. १९९० ते २०१० या काळातील संस्थांच्या स्मरणिका, अहवाल, गौरवग्रंथ हे त्याचे साधनसाहित्य. त्याहून जुने छापील साहित्य वाचनालयाच्या कपाटात वाचता येते. संगणकावर जुळवलेल्या या मजकुराची फ्लॉपी सुदैवाने चालली, तरी योग्य अक्षरसंच, योग्य आज्ञावली आणि तिचे कुलूप हे तिन्ही हाती असल्याशिवाय तो उघडत नाही. आंतरजालावर शोध घेतला असता तो सापडत नाही, कारण शोधयंत्राच्या दृष्टीने ती मराठी नव्हेच. अशा ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढावयाची झाल्यास प्रकाशकापुढे दोनच मार्ग उरतात : जुन्या फाइलचे रूपांतर करून ओळ न् ओळ तपासणे, किंवा वाचनालयातील छापील प्रत समोर ठेवून सारा मजकूर नव्याने टंकलिखित करून घेणे. पृष्ठे दीडशेच्या आत असतील तर पुष्कळदा दुसराच मार्ग स्वस्त पडतो.