चेसापीकचे पाणी आणि गणित

जून १९७२. ‘अ‍ॅग्नेस’ वादळामुळे अमेरिकेच्या पूर्व भागातील सस्क्वेहाना नदीला महापूर आला आणि तिचा गाळ चेसापीक खाडीत पसरला. पाण्याखालील गवताची कुरणे उद्ध्वस्त झाली. दुखणे मात्र वादळापूर्वीचे होते. शेतांतील खते, कोंबड्यांची विष्ठा आणि शहरांचे सांडपाणी यांतील नायट्रोजन व फॉस्फरसवर शैवाल माजते. ते मरून तळाशी कुजते, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे, खेकडे, कालवे गुदमरतात.

पण दोष नेमका कोणाचा? खाडीचे पाणलोट क्षेत्र सहा राज्यांत पसरलेले, महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे मोठे. न्यूयॉर्कमधील ज्या शेतकऱ्याने खाडी कधी पाहिलीही नाही, त्याच्याही खताचा अंश तिच्यात उतरतो.

लष्करी अभियंत्यांनी प्रथम मेरीलँडमधील मॅटापीक येथे खाडीची काँक्रीटची प्रतिकृतीच बांधली. भव्य छपराखाली, एकरांत मोजावी एवढी! १९७६ मध्ये ती सिद्ध झाली. तिच्यात कृत्रिम भरती-ओहोटी खेळत असे. शैवाल मात्र काँक्रीटमध्ये वाढवता येत नव्हते. काही वर्षांतच संगणकाने तिला निरुपयोगी ठरवले.

संगणकीय प्रतिमान पाऊस, जमिनीचा वापर, खत व सांडपाणी यांवरून प्रत्येक उपनदीचा वाटा काढते. त्याच्या आधारे १९८७ च्या करारात २००० पर्यंत दोन्ही पोषकद्रव्यांत ४० टक्के कपात ठरली. ती साधली नाही. अखेर डिसेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने वार्षिक कमाल मर्यादाच घातली: नायट्रोजन १८.५९ कोटी पौंड, फॉस्फरस १.२५ कोटी पौंड.

आता गणितच न्यायालयात उभे राहिले. शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये दावा लावला. पुढे अपिलात २१ राज्यांच्या महाधिवक्त्यांनी तिची बाजू घेतली. त्यांतील बहुतेकांचा खाडीशी काडीचाही संबंध नव्हता. धास्ती होती ती उद्या मिसिसिपीच्या खोऱ्यावर हीच पाळी येण्याची. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने व २०१५ मध्ये अपील न्यायालयाने मर्यादा वैध ठरवली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला.

न्यायालयात टिकलेले गणित नदीपुढे चुकले. सस्क्वेहानावरील १९२८ चे कोनोविंगो धरण आणखी काही वर्षे गाळ अडवील, असे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात जलाशय जवळजवळ भरला होता. त्यापायी वर्षाला सुमारे ६० लाख पौंड नायट्रोजन जादा कमी करणे आले, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा यावरून राज्यांत पुन्हा वाद पेटला.