माथेरान

माथेरान : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील गिरिस्थान व नगरपरिषदेचे गाव. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 800 मी.; लोकसंख्या 4,393 (2011). मुंबईकरांच्या लेखी ते थंड हवेचे ठिकाण आणि चिक्की-चपलांचा बाजार. नगररचनेच्या अंगाने पाहिले तर ती रान राखून त्यात बंगल्यांचे प्लॉट आखलेली वस्ती आहे आणि गावात मोटारीला मज्जाव असल्यामुळे तिचा मूळ आराखडा बराचसा टिकला आहे.

मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढला व रामबागेच्या वाटेने उतरला. ‘शोध’ त्याच्या नावावर जमा असला, तरी धनगर, ठाकूर आणि कातकरी या रानात कधीपासूनच वावरत होते. पावसाळा सरल्यावर मॅलेट परत आला, घर बांधायला काढले आणि त्याच्यामागून इतर गोरे अधिकारीही आले. 1855 मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने येऊन स्वतःच्या बंगल्याची जागा निवडली. त्याच दशकात रेल्वे पायथ्याच्या नेरळपर्यंत पोचली होती, त्यामुळे मुंबईचा पैसा डोंगरावर यायला वेळ लागला नाही. जव्हार संस्थानाचे गावही डोंगरावरचेच, पण ते मुकणे राजघराण्याची राजधानी म्हणून वाढले. माथेरानला ना राजा होता, ना पेठ. आधी प्लॉट पडले आणि बाजार नंतर आला.

प्लॉट ऐसपैस, त्यावर बैठा बंगला, भोवती जांभूळ, हिरडा, अंजनीची दाट झाडी. वाटा जांभ्याच्या तांबड्या मातीच्या, डोंगराच्या कडेकडेने वळणाऱ्या. कड्यांना इंग्रजी नावे मिळाली : हार्ट, लुईझा, अलेक्झांडर. पिण्याचे पाणी शार्लोट तलावाचे. त्याच्या काठी ग्रामदैवत पिसरनाथाचे देऊळ. इंग्रजांपाठोपाठ पारशी, बोहरी व गुजराती धनिकांनी बंगले घेतले. बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाचे रुग्णालय त्या काळाची खूण. नगरपालिका 1905 मध्ये आली. आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळहून वर आणलेली दोन फुटी रुळांची, सुमारे 21 किमी.ची रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग वाहून गेला व 2007 मध्ये ती पुन्हा धावू लागली. त्यानंतरही घसरणी आणि दरडींमुळे ती अनेकदा बंद पडली आहे.

बंगलेवाले मोसमापुरते येत. बारमाही गाव नोकर, हमाल, घोडेवाले, दुकानदार यांचे. पर्यटकांच्या माहितीपत्रकात या गावाला जागा क्वचितच मिळते, पण माथेरानचा सर्वांत मोठा माणूस त्यातलाच. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म येथील नाभिक कुटुंबात 1 डिसेंबर 1912 रोजी झाला. ते वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठी सुरू केली. 1942 च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले.

फेब्रुवारी 2003 मध्ये केंद्र शासनाने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडल्यास 2022 पर्यंत पुढे घोडा, हातरिक्षा किंवा स्वतःचे पाय एवढेच पर्याय होते. गॅसची टाकी घोड्याच्या पाठीवर येते, पाहुण्याची बॅग हमालाच्या डोक्यावर. हातरिक्षात पुढे एक ओढणारा आणि चढ लागला की मागून रेटणारे दोघे असत. पावसाळ्यात लाल चिखलात त्यांची पावले रुतत. धूरविरहित माथेरानचे कौतुक करताना त्या हवेची किंमत कोणाच्या खांद्यांनी मोजली, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

डिसेंबर 2022 मध्ये सात ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा व ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना परवानगी मिळाली, आतल्या वाटांना नाही. ब्लॉकवर टाप घसरते, ही घोडेवाल्यांची जुनी हरकत. ई-रिक्षा वाढल्या तर घोड्याला गिऱ्हाईक उरेल का, ही त्यांची दुसरी आणि अधिक खरी चिंता.