सौत्रामणींतील विरूढ धान्य व पिल्सनर यवसुरेची कृति

अमरकोशांत किण्व व नग्नहू हे शब्द पर्याय म्हणून दिले आहेत. त्यामुळें यजुर्वेदांतील नग्नहूचा अर्थ ‘सुरेचें विरजण’ एवढाच करून पुढें जाण्याचा मोह होतो. माझ्या मतें तेवढ्यानें भागत नाहीं. महीधरानें वाजसनेयि संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायावरील भाष्यांत शष्प म्हणजे विरूढ व्रीहि व तोक्म म्हणजे विरूढ यव असा अर्थ देऊन, नग्नहूच्या द्रव्यांत सर्जत्वक्, त्रिफळा, सुंठ इत्यादींबरोबर हींच मोड आलेलीं धान्यें पुन्हां गणलीं आहेत. सुरेंत मोड आलेलें धान्य कशासाठीं, हा खरा प्रश्न होय.

त्याचें उत्तर कोशांत नाहीं; यवसुरा करणारांच्या कृतींत आहे. बोहेमियांतील पिल्झेन शहरीं योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानें 5 ऑक्टोबर 1842 रोजीं जी सोनेरी बिअर प्रथम रांधली, तीच पुढें पिल्सनर म्हणून प्रसिद्धीस आली. तिचीं द्रव्यें चारच: मृदु पाणी, झाटेट्सकडील हॉप, यीस्ट आणि मंद आंचेवर सुकविलेला मोड आलेला सातू, म्हणजे माल्ट. मोड येतांना सातूंत पिष्टाची साखर करणारें द्रव्य वाढतें. पायें व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनीं 1833 सालीं त्यास डायास्टेज हें नांव दिलें. भरडलेला माल्ट सुमारें 65 अंश सेंटिग्रेड उष्ण पाण्यांत तासभर ठेविला कीं तें आपलें काम करितें; उकळलें कीं नष्ट होतें.

घरीं बिअर करणारे पुष्कळ लोक हा खटाटोप टाळण्यासाठीं माल्टचा तयार अर्क घेतात. त्यांत साखर कारखान्यांतच झालेली असते. अशी कृति शुद्ध करावयाची तर प्रथम विचारावें लागतें कीं, अर्काच्या जोडीस घेतलेलें धान्य साखरेसाठीं आहे कीं केवळ रुचीसाठीं? क्रिस्टल नांवाच्या माल्टमध्यें साखर भाजतांनाच होते, म्हणून तो नुसता भिजविला तरी चालतो. पिल्सनरचा फिकट माल्ट मात्र तसाच उकळला तर पिष्ट राहून बिअर गढूळ होते. त्यास ती ऊब द्यावीच लागते. सगळा अर्क आरंभापासून उकळला तर रंगही काळवंडतो, म्हणून जाणते लोक त्याचा बराच भाग शेवटीं घालितात. 1842 च्या बिअरची ख्याति रंगावरच होती. तेव्हां हा पाठभेद क्षुल्लक नव्हे.

हाच प्रश्न आपल्या ग्रंथांस विचारावा. कौटिल्याच्या मेदकांत एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व. आढक चार प्रस्थांचा, म्हणजे तांदूळ दोनच प्रस्थ, किण्वाहूनही कमी! किण्व माष व तांदूळ यांचें. त्यांत विरूढ धान्याचें नांव नाहीं. सौत्रामणींत उलट भाताच्या पेजेंत शष्प, तोक्म इत्यादींचें चूर्ण मिसळून ‘मासर’ करितात व सुरा तीन रात्री ठेवितात. पेज ऊन असतां चूर्ण पडत असेल तर तोक्म हा माल्टच, आणि किण्व व नग्नहू एक नव्हेत. पेज पुरती निवल्यावर पडत असेल तर माझा पक्ष दुबळा होतो.

ज्यांच्या संग्रहीं माध्यंदिन शाखेच्या सौत्रामणीप्रयोगाच्या पोथ्या असतील, त्यांनीं मासराच्या स्थळीं ‘उष्ण’ वा ‘शीत’ असें पद अथवा समासांत कांहीं टीप आहे काय, तेवढें पाहून कळवावें.