मुंबई गोदीचा स्फोट : विटांचा हिशोब आणि माणसांचा

इतिहासातल्या सर्वात महागड्या अपघातांची यादी दर काही महिन्यांनी मोबाईलवर फिरत येते. चेर्नोबिल, टायटॅनिक, मेक्सिकोच्या आखातातली तेलगळती आणि प्रत्येकापुढे डॉलरमध्ये एक भलामोठा आकडा. नववीतल्या एका मुलाने मला ती यादी दाखवून विचारले, "सर, हे पैसे मोजले कोणी?" प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आधी शब्दाकडे जातो. नुकसान, रक्कम, जमा, बाकी, हिशोब हे सगळे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि आपल्याच घरचे झाले. अरबीत नुकसान म्हणजे घट, कमी होणे. घट मोजायची तर आधी किती होते याची नोंद लागते. ज्याची नोंदच नाही, त्याची घट दाखवणार कशी? मोठ्या अपघातांच्या किमतीचे सगळे गणित या एका अटीवर चालते. याचे उदाहरण शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आहे.

१९४४ साल. दुसरे महायुद्ध चालू. 'फोर्ट स्टिकाइन' नावाचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. सोबत रिझर्व्ह बँकेसाठी पाठवलेले सोने होते : ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत चार विटा, एकूण १२४ विटा. त्यांची त्या काळातली किंमत ९ लाख पौंडांच्या आसपास. कराचीत जहाजाच्या रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणाचे तेल, लाकूड, गंधक आणि मासळीचे खत भरले गेले. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात नेऊ नये हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. पण युद्धाच्या घाईत जागा वाया घालवायची नव्हती.

स्फोटके असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते. या जहाजावर ते नव्हते. १४ एप्रिलला दुपारच्या जेवणानंतर कामगार परतले, तेव्हा दोन क्रमांकाच्या तळखणातून धूर येताना दिसला. अग्निशमन दलाने शेकडो टन पाणी ओतले, तरी आग हाती येईना. जहाज भर समुद्रात न्यावे की आहे तिथेच बुडवावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होईना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. 'जलपद्म' नावाचे आख्खे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. जळता कापूस उडून मांडवी आणि आसपासच्या वस्त्यांवर पडला. दोनतीन दिवस आग धुमसत होती.

आता हिशोब पाहू.

जहाजे मोजली गेली : डझनभराहून अधिक बुडाली किंवा निकामी झाली. धान्य मोजले गेले : ५० हजार टनांहून अधिक. आदल्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मेले होते, अशा वेळी एवढे धान्य जळाले आणि मुंबईत काळाबाजार सुरू झाला. ढिगारा मोजला गेला : सुमारे ५ लाख टन. तो उपसून गोदी पुन्हा चालू करायला ८ हजार माणसे सात महिने राबली. सोने तर विटेविटेने मोजले गेले. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, ही गोष्ट मुंबईत आजही सांगतात. पुढे कित्येक वर्षे गाळ काढताना विटा सापडत राहिल्या आणि त्यांची बातमी होत राहिली.

आणि माणसे? काही ठिकाणी आकडा ८००च्या वर दिलेला आढळतो, काही ठिकाणी १,३००. म्हणजे पाचशे माणसांचा फरक. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांची संख्या नेमकी सांगता येते, कारण त्यांची नावे हजेरीपटावर होती. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ. पण गोदीत मुकादमाच्या सांगण्यावरून त्या दिवसापुरते लागलेले हमाल, हातगाडीवाले, धक्क्यालगतच्या झोपड्यांत राहणाऱ्या बायका आणि मुले यांचा हजेरीपट कोणाकडे असणार? सोन्याच्या विटेवर क्रमांक कोरलेला असतो. हमालाचे नाव मुकादमाच्या तोंडी असते, आणि त्या दिवशी बरेच मुकादमही गेले.

सरकारने जबाबदारी टाळली नाही, हेही सांगायला हवे. त्याच वर्षी खास वटहुकूम काढून मालमत्तेच्या भरपाईची सोय केली गेली. त्याच वटहुकमाने या स्फोटासंबंधी कोर्टात दावे लावण्यावर बंधनेही घातली. दुकानदार, गोदामवाले आणि विमा उतरवलेले व्यापारी यांच्याकडे पावत्या होत्या, पॉलिसी होत्या, वह्या होत्या. त्यांनी अर्ज केले आणि त्यांना पैसे मिळाले. त्यात गैर काही नाही. पण ज्याचे खोपटे जळाले त्याच्याकडे भाड्याची पावतीसुद्धा नव्हती. त्या काळी कामगार भरपाईचा १९२३चा कायदा होता, पण त्यात रक्कम ठरे ती महिन्याच्या मजुरीवरून. जितकी मजुरी कमी, तितका मृत्यू स्वस्त. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले असे म्हणतात. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे इथल्या बातमीदारांना सविस्तर वृत्त बाहेर पाठवायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. त्याआधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती बातमी जगाला सांगून टाकली होती.

हे फक्त गुलाम देशात घडत होते असे समजू नका. १९१२ साली टायटॅनिक बुडाले आणि सुमारे दीड हजार माणसे गेली. अमेरिकेत कंपनीवर एकूण १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिकचे दावे दाखल झाले. त्यांत सामानातल्या एका वस्तूसाठीचा सर्वात मोठा दावा होता एका तैलचित्राचा : १ लाख डॉलर. एका श्रीमंत प्रवाशाने आपल्या रेनॉ मोटारीचे ५ हजार डॉलर मागितले, कुत्र्यांचे वेगळे. कंपनीने अमेरिकन कायद्याचा आधार घेतला. त्या कायद्यानुसार मालकाची जबाबदारी अपघातानंतर उरलेल्या वस्तूंच्या किमतीपुरतीच होती, आणि उरल्या होत्या जेमतेम लाइफबोटी. शेवटी सुमारे ६ लाख ६४ हजार डॉलरवर तडजोड झाली. तळमजल्यावरच्या स्थलांतरितांच्या ट्रंकेत काय होते, ते सांगायला अनेकदा घरचे कोणी उरलेच नव्हते.

आता त्या मोबाईलवरच्या यादीतले दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मेले. तेल पसरून किनारे, मासेमारी आणि पर्यटन यांचे जबर नुकसान झाले. बीपी कंपनीला एकूण ६५ अब्ज डॉलरहून जास्त भुर्दंड बसला. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली, लाखोंच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांना इजा झाली. आपल्या सरकारने आधी ३३० कोटी डॉलर मागितले आणि १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्या दराने सुमारे ७१५ कोटी रुपये. पुढे नुकसानग्रस्त ठरलेल्यांची संख्या साडेपाच लाखांच्या वर गेली. भागाकार करून पाहा, माणशी १३ हजार रुपयेही होत नाहीत. व्याजामुळे आणि रुपयाच्या घसरणीमुळे वाटपाची रक्कम नंतर वाढली, पण तोवर वीस वर्षे उलटली होती. जास्त भरपाईसाठी सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये फेटाळली.

दोन्ही देशांचे कायदे वेगळे, काळ वेगळा, हे मान्य. तरी एवढा फरक केवळ महागाईने पडत नाही. फ्लोरिडातल्या हॉटेलवाल्याकडे आदल्या वर्षीच्या उत्पन्नाचे कागद होते, म्हणून त्याला घट सिद्ध करता आली. भोपाळच्या जे. पी. नगरातल्या मजुराला आपण त्या रात्री तिथे राहत होतो, हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून 'सर्वात महागडा अपघात' म्हणजे सर्वात मोठा अपघात असे समजू नये. किमतीचा आकडा बराचसा एवढेच सांगतो की ज्यांचे गेले त्यांच्याकडे कागद किती होते आणि ते घेऊन त्यांना कुठवर जाता आले.

मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट समाधानाची आहे. १९४८मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला. त्याखाली नोंदणी सुरू झाली आणि रोजंदारीवरच्या माणसाचे नाव प्रथमच रजिस्टरात आले. १९६९मध्ये महाराष्ट्राने माथाडी आणि हमालांसाठी कायदा केला. स्फोटामुळेच हे झाले असे म्हणता येणार नाही. त्यामागे कामगार संघटनांचे झगडे आहेत. पण १४ एप्रिल १९४४ला जे हमालांकडे नव्हते, ते त्यांच्या मुलांना थोडेफार मिळाले.

आज आपल्या मोहल्ल्यातली किती पोरे रोजंदारीवर आहेत, याचा विचार करा. कोणी बांधकामावर, कोणी भंगाराच्या गोदामात, कोणी यंत्रमागावर, कोणी दुचाकीवरून घरोघर सामान पोहोचवणारा. त्यांतल्या किती जणांच्या खिशात मालकाच्या सहीचा एखादा कागद आहे? बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी किती जणांनी केली आहे? ई-श्रम कार्ड किती जणांकडे आहे? आपण लग्नाच्या हॉलची पावती वर्षानुवर्षे जपतो, पण कमावत्या मुलाच्या कामाचा पुरावा मात्र मालकाचा मोबाईल नंबर एवढाच असतो. ज्या दिवशी भिंत कोसळते किंवा गोदामाला आग लागते, त्या दिवशी तो नंबर बंद लागतो.

त्या मुलाला मी उत्तर दिले ते असे : ज्याच्याकडे वही होती, त्याने मोजले. आणि गृहपाठ दिला, की घरात जो कामाला जातो त्याच्या कामाचा कोणता कागद घरात आहे, ते विचारून ये.